ओंडक्यावरची हिरवी रेघ

"मेला का गं?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"मेला."

"बघू तरी." ती पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली आणि माझ्या टेबलावर वाकली. "आगं, पेटलाय की चांगला! हिरवा दिसतोय. उगं कशाला रडतीस?"

लेझर डायोडचं हेच वाईट. बल्ब उडाला की उडाला, विषय संपला. हा मात्र मेल्यावरही मिणमिणत राहतो. उजेड असतो, पण किरण नसतो. इंटरनेटवर घरी लेझर बनवणाऱ्या जगभरच्या मंडळींचा एक कट्टा होता, तिथं कुणाचा असा गेला की बाकीचे लिहायचे, 'एलईडी झाला', आणि खाली चारजण हळहळायचे. माझ्या घरी हळहळायला आई होती आणि तिला तो चांगला पेटलेला दिसत होता.

"रडत नाही मी. सोल्डरचा धूर गेलाय डोळ्यात," मी म्हटलं.

"व्हय, व्हय. धूरच," आई म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

याला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आजऱ्याच्या बाजारात टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. 'सारिका इलेक्ट्रॉनिक्स' अशी पाटी होती आणि तरी निम्मी गिऱ्हाइकं आत येऊन विचारायची, 'मेकॅनिक कुठं गेलेत?' मी म्हणायची, 'जेवायला गेलेत, ठेवा इथं,' आणि त्यांची पाठ वळली की दुरुस्त करून ठेवायची.

माझे वडील, आप्पा, गावाबाहेरच्या शिंत्र्यांच्या सॉ मिलवर पट्ट्याचे मिस्त्री होते. पट्टा म्हणजे तो उभा फिरणारा लांबलचक दातेरी बँडसॉ. ओंडका ट्रॉलीवर आवळायचा, ट्रॉली रुळावरून पट्ट्याकडे ढकलायची आणि फळी पाडायची. पंचवीस वर्षं आप्पांनी हेच केलं आणि दहाची दहा बोटं शाबूत ठेवली. त्या धंद्यात ही मोठी गोष्ट होती.

पण त्या दिवाळीपासून फळ्या तिरक्या पडायला लागल्या. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. गिऱ्हाइकं माल परत आणायला लागली. मालक म्हणायला लागले, "धोंडिराम, डोळे दाखवून ये." मी म्हणायला लागले, आप्पा, डोळे दाखवून या. आई तर रोज म्हणायची. आप्पांचं एकच उत्तर होतं: "माझ्या डोळ्याला काय धाड भरलीय? रूळ सरकलाय." आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघून मान हलवायचो. साठीला आलेला माणूस चष्म्याला लाजतो आणि रुळावर ढकलतो, हे आम्ही केव्हाच ठरवून टाकलं होतं.

म्हणून मी लेझर करायला घेतला होता. आप्पा ओंडक्यावर गेरूत बुडवलेली दोरी ताणून रेघ मारायचे, ती त्यांना नीट दिसत नसणार. त्याऐवजी वरून लख्ख हिरवी रेघ पडली तर आंधळ्यालाही दिसेल, असा माझा हिशेब. मुंबईहून दोन डायोड मागवले, ते अठरा दिवसांनी आले. त्यांतला एक त्या शनिवारी दुपारी माझ्या हातून गेला.

का गेला, तेच कळत नव्हतं. सर्किट मी स्वतः बांधलं होतं. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतला एक सेल होता, तो देणार पावणेचार व्होल्ट. हिरव्या डायोडला लागतात सहाच्या वर. मग मधे कॉइल घालायची. तिच्यातून करंट सोडायचा आणि एकदम तोडायचा, सोडायचा आणि तोडायचा, सेकंदाला लाखभर वेळा. तोडलं की कॉइल चिडते आणि जास्तीचे व्होल्ट फेकते. ते एका कपॅसिटरमध्ये साठवायचे आणि तिथून डायोडला बेतानं द्यायचे. याला बूस्ट ड्रायव्हर म्हणतात. मला हे सर्किट फार आवडायचं, कारण चिडल्यावर जोर वाढतो हे मला स्वतःवरून माहीत होतं.

आणि मी काही आंधळेपणानं खरा डायोड जोडला नव्हता. आधी खोटा लावून बघायचा असतो. साधे आठ डायोड ओळीनं, त्यांच्या शेवटी एक ओहमचा रेझिस्टर. त्या रेझिस्टरवर मीटर साठ मिलिव्होल्ट दाखवू लागला की करंट बरोबर साठ मिलिअँपिअर, खऱ्याला हवा तेवढा. मीटर साठावर असा बसला होता की हलायचं नाव नाही. मी खोटा काढला, सेल काढला, खरा जोडला, सेल लावला. झालं. एलईडी.

मी तो डायोड तसाच फळीवर बसवलेला, पुढं रेघ पाडायला काचेची कांडी लावलेली, तोंड भिंतीकडे, आणि शेजारी बसून 'धूर' पुसतेय, तेवढ्यात आप्पा जेवायला आले. अंगावर भुसा, डोक्यावर भुसा.

"हे काय, लागला वाटतं तुझा लेझर?"

मी तोंड फिरवून डोळे पुसले. बोलले असते तर रडूच फुटलं असतं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं.

"वा, वा! झकास दिसते की रेघ!"

मी मान वर केली. "कुठं दिसते, आप्पा?"

"ही काय. कोपऱ्यापासून कॅलेंडरापर्यंत. एकदम सुतात."

भिंतीवर रुपयाएवढा हिरवट डाग होता. रेघ नव्हती. रेघेचा र नव्हता. म्हणजे यांना खरंच दिसत नाही. दिसत नाही आणि ते आपल्यापासून लपवायला अंदाजानं बोलतायत. आणि असा माणूस रोज सकाळी जाऊन त्या पट्ट्यापुढं उभा राहतो, जिथं हात एक वीत चुकला तर हातच राहायचा नाही.

"हो," मी म्हटलं. "छान आलीय."

"मग? माझीच पोरगी," म्हणून आप्पा हात धुवायला गेले.

मी जेवले नाही. दुकानात जाते म्हणून गाडी काढली आणि थेट मिलवर गेले. अनंतराव शिंत्रे मालक ऑफिसात पंख्याखाली बसले होते. माणूस वाईट नव्हता. वडिलांची मिल सांभाळायची, पण भुसा अंगावर उडू द्यायचा नाही, अशा बेतानं खुर्ची खिडकीपासून लांब ठेवलेली.

"मालक," मी म्हटलं, "आप्पांना पट्ट्यावर उभं करू नका."

"का गं? काय झालं?"

"त्यांना दिसत नाही. मी आजच बघितलं. माझी खात्री झाली."

अनंतरावांनी सुस्कारा सोडला, आणि तो सुटकेचा होता हे मला तिथंच कळलं. "बरं झालं तू बोललीस. मलाही तेच वाटत होतं, पण इतक्या वर्षांचा माणूस, तोंडावर कसं सांगायचं? आता घरचंच माणूस सांगतंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. गडहिंग्लजचा एक मिस्त्री कधीचा विचारतोय. सोमवारपासून त्याला उभा करतो. धोंडिरामला गेटवर बसवू. येणारेजाणारे ओंडके मोजेल."

मला आप्पा गेटवर स्टुलावर बसलेले दिसले, मागं पट्ट्याचा आवाज चाललाय आणि हे वहीत रेघा मारतायत. त्यापेक्षा त्यांचं एखादं बोट गेलेलं त्यांनी सोसलं असतं.

"थांबा, मालक, एवढी घाई नको," मी म्हटलं. "मी त्यांच्यासाठी लेझर करतेय. हिरवी रेघ, भर उन्हात दिसेल अशी. सोमवारी सकाळी एक ओंडका माझ्या रेघेवर होऊ दे. नाही जमलं तर करा काय करायचं ते."

"एक ओंडका," मालक म्हणाले. "ठीक आहे."

"आणि मी आले होते हे आप्पांना..."

"छे, छे! मी कशाला सांगू?"

घरी परतताना मला कळलं की आपण काय करून बसलोय. कालपर्यंत आप्पांच्या जागेबद्दल नुसती कुजबुज होती. मी जाऊन शिक्का मारून आले. आणि ती जागा वाचवायला माझ्याजवळ उरला होता एक डायोड, आणि पहिला का मेला याचा पत्ता नाही.

रविवारी मिल बंद. आप्पा सकाळपासून घरात. मी टेबलावर सगळं मांडून बसले. खोटा डायोड लावला, मीटर साठावर. काढला, लावला, साठ. दहा वेळा केलं, दहा वेळा साठ. खऱ्याला हात लावायची छाती होत नव्हती.

"काय अडलंय?" आप्पा खुर्ची ओढून शेजारी बसले.

"तुम्हाला नाही कळायचं, आप्पा."

"मला नाही कळायचं, पण तू सकाळपासून तेच तेच करतीस एवढं कळतंय. मला करून दाखव. काल केलंस तस्संच. काही गाळू नको."

मी वैतागून दाखवलं. "हा खोटा. हे साठ. बघितलंत? आता हा काढला." खोटा उपटला. "आता सेल काढला. म्हणजे बंद. आता इथं खरा जोडायचा. बंद असताना जोडलाय, तरी मेला. कसा मेला, ते तुमचा देवच जाणे."

"बंद म्हणजे थांबलं का?"

"बंद म्हणजे बंद, आप्पा! सेलच हातात आहे माझ्या."

"तसं नव्हे." आप्पा खुर्चीत पुढं सरकले. "पट्ट्याचं बटण बंद केलं म्हणून पट्टा थांबतो होय? चांगला तीन-चार मिनिटं फिरत असतो. आणि शेवटी शेवटी आवाजही येत नाही, नुसता थांबल्यासारखा दिसतो. म्हणून आमच्यात नियम आहे, बटणावर विश्वास ठेवायचा नाही. लाकडाची ढलपी पट्ट्याला लावून बघायची. ढलपी उडाली नाही तर हात घालायचा. तू ढलपी लावलीस काय?"

मी मीटरच्या दोन्ही सुया उचलल्या आणि जिथं खरा डायोड जोडायचा त्या तारांना टेकवल्या. सेल माझ्या डाव्या मुठीत. मीटरवर आकडा आला, एकोणीस व्होल्ट.

"आई गं!"

खोटा उपटताना सेल चालू होता. करंट जायला जागा नाही म्हटल्यावर ड्रायव्हरनं आपले व्होल्ट चढवतच नेले असणार आणि ते सगळे कपॅसिटरमध्ये भरून ठेवले असणार. मग मी शहाणीनं सेल काढून, बंद समजून, ते एकोणीस व्होल्ट एका झटक्यात त्या इवल्याशा जिवाच्या घशात ओतले होते. डिप्लोमाला कपॅसिटरवर माझे पैकीच्या पैकी मार्क होते, सांगायला लाज वाटते.

मी स्क्रूड्रायव्हर दोन तारांवर आडवा ठेवला. टिक करून ठिणगी उडाली. आप्पा दचकले.

"थांबला आता पट्टा," मी म्हटलं. "आप्पा, तुम्ही देवमाणूस आहात!"

"चहा टाक म्हणावं तुझ्या आईला."

मग मी बेतानं केलं. तारा एकमेकींना जोडून ठेवल्या, तशाच स्थितीत दुसरा डायोड सोल्डर केला, मग जोड काढला, मग सेल लावला. भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ उमटली. काय रेघ होती! चाकूनं भिंत कापून मागून उजेड सोडावा तशी. आई चहाचे कप घेऊन आली ती दारातच थबकली.

"आप्पा," मी घाबरत विचारलं, "दिसते?"

"हं," आप्पांनी बशीत चहा ओतला. "दिसते की. काल दिसत होती तशीच."

माझा सगळा आनंद तिथंच उतरला. या माणसाला रेघ असली काय आणि नसली काय सारखंच, आणि उद्या सगळ्यांदेखत हे कळणार, एवढंच डोक्यात राहिलं.

सोमवारी आठ वाजता मिलवर गेलो. पट्ट्याच्या वरच्या लोखंडी चौकटीवर मी लेझर बांधला, किरण रुळाच्या दिशेनं खाली पडेल असा. ट्रॉलीवर सागाचा दहा फुटी ओंडका आवळला होता. मालक स्वतः आले होते, नाकाला रुमाल लावून. मागं एक दणकट माणूस उभा होता. तो गडहिंग्लजचा मिस्त्री, हे कुणी सांगायची गरज नव्हती. आप्पांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि नमस्कार केला.

"आधी पट्टा बंद ठेवून ट्रॉली नेऊन बघू," मी म्हटलं. नुसती जिवाची भीती, दुसरं काही नाही.

आप्पांनी नेहमीसारखी गेरूची दोरी ताणली, टिचकी मारली. ओंडक्यावर तांबडी रेघ उठली. मी लेझर लावला आणि हिरवी रेघ त्या तांबडीवर बरोबर बसवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हवेतल्या भुशात वरपासून हिरवा पडदा धरल्यासारखा दिसत होता. मालकांच्या नाकावरचा रुमाल खाली आला.

"ढकला," मी म्हटलं.

आप्पांनी ट्रॉली ढकलली. दोन फूट, तीन फूट, दोन्ही रेघा एकावर एक. चार फुटांवर तांबडी जराशी उजवीकडे निघाली. पाच फुटांवर दोन रेघा वेगळ्या झाल्या. आठ फुटांवर मधे माझं करंगळीचं बोट मावलं असतं.

"तुझी रेघ वाकडी आहे," मालक म्हणाले.

"उजेड वाकडा कसा जाईल, मालक?"

"मग धोंडिरामनं ट्रॉली वाकडी ढकलली."

"ट्रॉली रुळावर असते," गडहिंग्लजचा माणूस हळूच म्हणाला. "रूळ नेईल तिकडंच जाणार ती."

मी खाली वाकले. मग आडवीच झाले, भुशात. रुळाच्या पातळीला डोळा लावला. उजवीकडचा रूळ चौथ्या फुटापुढं बाहेर फाकला होता. रुळाखालचा एक आडवा लाकडी स्लीपर कडेला खचला होता आणि रुळाला घेऊन गेला होता. मी तशीच पडून राहिले. उठावंसंच वाटेना. दिवाळीपासून या माणसानं आम्हाला हेच सांगितलं होतं, आमच्याच ताटाशी बसून, आणि मी भाकरी मोडत म्हणत होते, डोळे दाखवून या.

"मालक," आप्पांचा आवाज आला, "दिवाळीपासून सांगतोय. रूळ सरकलाय."

"सांगत होतास, सांगत होतास," मालक चिडले. ते रूळ मागच्या उन्हाळ्यात त्यांनीच उभं राहून बसवून घेतले होते. "पण मी काय करणार? तुझीच पोरगी परवा येऊन म्हणाली, आप्पांना दिसत नाही, माझी खात्री झालीय, त्यांना पट्ट्यावर उभं करू नका. घरचं माणूस सांगायला लागल्यावर मी विश्वास कुणावर ठेवायचा?"

मी भुशातून उठले. मिलमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते, आप्पा सोडून. आप्पा ट्रॉलीच्या दांड्यावरचा भुसा तळहातानं झाडत होते. चांगला वेळ झाडत होते.

"बरोबर केलं तिनं," शेवटी ते म्हणाले. "दिसत नसलेला माणूस पट्ट्यावर नकोच. पण मालक, तिनं एकदा सांगितलं ते तुम्ही ऐकलंत. मी पाच वेळा सांगितलं."

मालकांनी रुमाल परत नाकाला लावला. गडहिंग्लजचा मिस्त्री आपणहून पुढं आला, म्हणाला, पहार कुठं आहे, आणि तो आणि आप्पा दोघांनी मिळून बारा वाजेपर्यंत रूळ उचलून जागेवर आणला. मी वरून हिरवी रेघ धरून बसले होते आणि ते दोघं 'अजून', 'बास', 'मागं' असं ओरडत रूळ तिच्याशी जुळवत होते. संध्याकाळी पट्ट्यातून निघालेली पहिली फळी मालकांनी दोन्ही टोकांना मोजली आणि ऑफिसात निघून गेले. आप्पा त्यानंतर सात वर्षं त्या पट्ट्यावर उभे राहिले. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी आम्ही डबा उघडून मिलच्या मागच्या आंब्याखाली बसलो होतो. मी भाकरी नुसती चिवडत होते.

"आप्पा, मला रागवा," मी म्हटलं.

"कशाला? जेव."

"परवा भिंतीवर रेघ नव्हती."

"व्हय. नव्हती."

"तुम्हाला दिसलं होतं ते?"

"न दिसायला काय झालं? डाग होता एवढासा." त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं, बरोबर रुपयाएवढं.

"मग झकास दिसते म्हणून का सांगितलंत? कोपऱ्यापासून कॅलेंडरापर्यंत? मी त्याच्यावरूनच मालकांकडे गेले, आप्पा! तुम्ही एक शब्द खरा बोलला असता तर..."

माझा आवाज चढला होता आणि रडूही आलं होतं. आप्पा जरा ओशाळले. भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

"तू रडत होतीस," ते म्हणाले. "मला त्या यंत्रातलं काही कळत नाही. मला जेवढं करता येत होतं, तेवढं केलं."